पुतळ्यांच्या माळेचे पाटे

करावे गावात गोजराबाईला सगळे 'गाडीवाली' म्हणायचे. गाडी नवऱ्याची, म्हणून ही गाडीवाली. एरवी त्या गाडीचा नि तिचा संबंध देवळाबाहेर बसणाऱ्याचा गाभाऱ्याशी असतो तेवढाच. धुवायची, पुसायची, दृष्ट काढायची, आणि आत दुसऱ्यांनी बसायचं.

बाई रंगानं काळी, अंगानं दणकट, आवाजानं खणखणीत. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती बेलापूरपर्यंत चालत जायची आणि वाटेत कुणी 'काय गो, काय आनलंस?' विचारलं तर मान न हलवता उत्तर द्यायची. भरती ओसरल्यावर चिखलात रुतलेली होडी ओढायला दोन गडी लागायचे, तिथं कान्हा आणि ती पुरायची. त्यातही कान्हा नुसता ओरडायचा. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्याचा दोष कुणाचा हे कुणी विचारलं नाही. बाईच्या पदरात आपोआप पडतात अशा काही गोष्टी असतात, त्यातली ती एक.

मग नवं शहर बसायचं ठरलं, खाडीकडेची शेतं गेली आणि त्यांचे पैसे आले. कुणी माळा चढवला, कुणी पोरींची लग्नं उरकली, कुणी ते पैसे पिऊन टाकले आणि वर्षभर आनंदात राहिला. कान्हानं मुंबईच्या एका डॉक्टरकडनं जुनी फियाट आणली. डॉक्टरला ती नकोशी झाली होती, हे एका कान्हाला सोडून साऱ्या गावाला कळलं.

पण गाडी दिसायला छान होती हो. पांढरी, आत लाल गाद्या. गावात दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे कान्हा एका दिवसात कान्हाशेठ झाला. हळदीला, लग्नाला, नवरदेवाच्या वरातीला कान्हाशेठची फियाट. पैसा फारसा कुणी द्यायचा नाही, पण 'शेठ, वाईच चला की' म्हणायचे, तेवढ्यावर तो पेट्रोल घालायचा. होडी तिकडे बांधाला पालथी पडून राहिली. होडीला खाडीचं पाणी लागलं नाही की लाकूड सुकतं, फळ्या फाकतात. दोन उन्हाळ्यांत तिच्यातनं पलीकडचं आकाश दिसायला लागलं.

आता मासे धरणाऱ्या माणसाला एवढंच ठाऊक, की खारं पाणी मिळालं नाही तर वस्तू मरते. कान्हानं तेच शहाणपण गाडीला लावलं. भरती आली की गाडी धक्क्यावर न्यायची आणि बादल्या भरभरून खाडीचं पाणी मारायचं, वरून, खालून, चाकांच्या आत, पार पोटाखाली. वर दारांना चकाकी यावी म्हणून माशाचं तेल चोळायचं, होडीला चोळतात तसं. गाडी झकास चमकायची. फक्त गावातली मांजरं तिच्यामागे फिरायची, आणि एक नवरदेव वरातीत नाकाला रुमाल लावून बसला होता, त्याला लोक लाजरा समजले.

कुणी म्हणालंच, 'शेठ, खाऱ्या पान्यानं लोखंड खातं', तर कान्हा हसायचा. 'माज्या बापाची होडी चालीस वरसं खाऱ्या पान्यात व्हती. तुजी सायकल टिकली का तेवढी?'

गोजरा गाडीत पहिल्यांदा बसली ती नणंदेच्या घरी पाचवीला जाताना. नणंद नेरूळला, बाळंत झालेली. डिकीत तांदळाची दोन पोती, मागे तीन माणसं, पुढे कान्हाशेजारी त्याचा चुलतभाऊ विलास. हा विलास म्हणजे गावाचं तोंड. स्वतः काही करायचा नाही, दुसऱ्यानं केलेल्याला नाव ठेवायचा. गोजरा सगळ्यांत शेवटी आली, मागच्या दारातनं कशीबशी आत शिरली, नवी साडी आवरून बसली. मांडीवर पाचवीच्या पूजेचं ताट. गाडी गावातनं बाहेर पडेपर्यंत तिनं दोन्ही बाजूंना बघून घेतलं, कोण कोण बघतंय ते.

नेरूळच्या चढणीला मागनं काडकन आवाज झाला आणि गाडी एका कुशीवर बसली, म्हातारी बैठक मारते तशी.

सगळे उतरले. गोजराकडचं दार अडकलं होतं, ती शेवटी उतरली. ती उतरली तशी गाडी जराशी वर आली. कुणीही उतरलं असतं तरी आली असती. पण विलासनं ते बघितलं आणि रस्त्यात टाळी वाजवली.

'आरं बघा, बघा! वैनी उतरली न गाडी वर आली! कान्हाशेठ, तुमची फियाट नाय तुटली, तिनं हात जोरलं!'

रस्त्याच्या कडेला माणसं हसली. कान्हाही हसला. नव्या साडीतली गोजरा ताट घेऊन पुढं चालायला लागली, कारण पाचवी थांबत नसते.

गाडी ओढून तुर्भे नाक्याला नेली. तिथं बाजीराव नावाचा साताऱ्याकडचा मिस्त्री चिंचेखाली गॅरेज चालवायचा. गोजराही गेली होती, पाटी विकून झाल्यावर. तिला बघायचं होतं, आपण काय मोडलं ते.

बाजीरावानं गाडी मागनं उचलून ठोकळ्यांवर ठेवली, चाकं काढली आणि खाली सरकला. फियाटला मागं दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची जुडी असते, एकावर एक रचलेली, कमानीसारखी वाकलेली. तिला पाटे म्हणतात. मागचा सगळा भार त्या पाट्यांवर. बाजीरावानं हातोडीनं नुसतं टिचकवलं तर लोखंडाचे पापुद्रे पडले, खमंग खाजं फुटावं तसे. तुटलेला पाटा त्यानं बाहेर काढला आणि कान्हापुढे धरला. तुटलेली कड आतपर्यंत तांबडी होती.

'शेठ, हे आज तुटलेलं नाही. हे दोन वर्षं तुटत होतं. कशानं धुता गाडी?'

'खाडीच्या पान्यानं.'

बाजीरावानं कपाळाला हात लावला, तो काळा होता, कपाळही काळं झालं. 'मग त्यात कोण बसलं, हत्ती बसला का मांजर बसलं, सारखंच. हिकडचे गेले, तिकडचेही गेलेत. दोन्ही बाजूचे नवे घाला, त्यासंगं शॉकअप, बुश, बोल्ट, सगळंच खाल्लंय मिठानं. एका बाजूचे घातले तर गाडी तिरकी चालंल. आन् ह्याच्यापुढं गोडं पाणी.'

गोजरानं ते ऐकलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याचंही ऐकून झालं होतं.

मग बाजीरावानं किंमत सांगितली. नवे पाटे म्हणजे गरिबाच्या घरी दुसरं लग्न.

संध्याकाळी पारावर विलासनं विचारलं, 'काय निघालं शेठ?' पाच-सहा जण बसलेले. आता सांगायला एकच वाक्य होतं, खाडीच्या पाण्यानं गंजले. पण ते सांगितलं की बापाची होडी, चाळीस वर्षं, सायकल, सगळं आपल्याच अंगावर येतं. कान्हानं तंबाखू मळली, तोंडात टाकली.

'काय निघायचंय,' तो म्हणाला. 'वजन झेपलं नाय.'

पार हसला. त्या दिवसापासनं गोजरा वाटेनं चालली की पोरं 'पाटं, पाटं' ओरडायची. बायका पाण्यावर म्हणायच्या, 'गोजरा, हलू बस गो, हीर खचंल.' ती आधी शिव्या द्यायची. तिच्या शिव्या ऐकायला पोरं अजून ओरडायची, तेव्हा तिनं त्या बंद केल्या. घरी एकदाच म्हणाली, 'तुमी मिस्त्रीचं ऐकलंत ना?'

'लोकं हसतान, जरा हसू दे. तुज्या अंगाला काय भोक पडलं?'

गाडी तुर्भ्याला चिंचेखाली ठोकळ्यांवरच राहिली. संक्रांतीच्या सुमाराला पनवेलच्या बाजारातनं निरोप आला. गोजराचं माहेर गव्हाणला, खाडीपलीकडे. आई बायजाबाई अंथरुणाला खिळली होती. निरोप आणणारी बाई म्हणाली, 'खानं सुटलंय. सारखं तुजं नाव घेतंय. म्हनते, गोजराच्या घरी गारी आली, मना दाखवाया आनंल.'

पूर्वी होडीनं अर्ध्या भरतीत पोचलं असतं माणूस. आता होडीत गवत उगवलं होतं. एस.टी. होती, बेलापूरहून पनवेल, पनवेलहून पुढं. गोजरानं साडी पिशवीत घातली.

'कुठं?' कान्हा.

'यस्टीनं जाऊन येतंय आयकडं.'

'गाडीवाल्याची बायको यस्टीत? पनवेल स्टँडवर माज्या वलखीचं कोन नाय व्हय? काय सांगतील? कान्हाशेठची गाडी भंगारात गेली, बायको धक्के खाते?'

'मंग गारीनं न्या.'

'पाटं हायत का गाडीला?'

गोजरा आत गेली. पेटीतनं पुतळ्यांची माळ काढली. ही माळ बायजाबाईनं तिला लग्नात घातली होती, आणि बायजाबाईला तिच्या आईनं. सोन्याच्या गोल चकत्या, प्रत्येकीवर देवीचं चित्र, बोटं फिरून फिरून देवीची नाकं झिजलेली. तिनं माळ कान्हाच्या हातात ठेवली.

'पाटं आना. पयलं मना आयकडं न्यायचं. मागच्या शिटावर बसवून न्यायचं. आयला दिसंल असं.'

'नेईन की! देवाची आन.' त्या क्षणी तो खरंच बोलत होता. माणूस वचन देताना बहुधा खरंच बोलतो, बिघाड नंतरचा.

माळ गेली, पाटे आले. मुंबईहून आणलेले, ग्रीसमध्ये माखलेले, काळे कुळकुळीत. बाजीरावाला जुने बोल्ट छिन्नीनं तोडावे लागले. सगळं बसवून गाडी ठोकळ्यांवरनं उतरवली तेव्हा ती मागनं अशी उंच उभी राहिली, की जणू उधळायला निघालेला खोंड. बाजीराव म्हणाला, 'आठ-पंधरा दिवस मागं फार वजन घालू नका. पाटे बसू द्या जाग्यावर. मग घेऊन या, बोल्ट परत आवळतो.'

गोजरा दारात तयार होऊन उभी. डोक्याला तेल, केसात अबोलीचा वळेसर. कान्हा गाडीतनं उतरला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, 'पंधरा दिस वजन घालायचं नाय. मिस्त्रीनं सांगितलंय.'

'म्या एकलीच हाय की.'

विलास गाडीच्या टपावर कोपर टेकून उभाच होता. 'एकली?' तो म्हणाला. 'वैनी, तुमी एकल्या कंधी असतंव?'

वळेसर तिनं काढून तुळशीवर टाकला. पंधरा दिवस. आई पंधरा दिवस थांबेल असं तिनं मनाशी ठरवलं. आईचं आपण ठरवायचं नसतं, पण दुसरं काय ठरवणार होती.

मधल्या काळात तिला एक काम लागलं. गाडीला आता गोडं पाणी हवं होतं. ते विहिरीत, विहीर गावाच्या पार टोकाला, उन्हाळा तोंडावर. गोजरा पाटी विकून यायची आणि गाडीसाठी हंडे वाहायची. पाण्यावरच्या बायका विचारायच्या, 'आता खारीचं पानी का नको गो?' कान्हानं त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं, नव्या पाट्यांना गोडं पाणी मानवतं. तेच ती सांगायची. गाडीखाली वाकून चिखल धुताना तिला ते काळे पाटे अगदी जवळनं दिसायचे. ती त्यांच्यावर हात फिरवायची, माळेवर फिरवायची तसा. वेडेपणाच तो.

पंधरा दिवस झाले. कान्हा म्हणाला, अजून मुरू दे. लोणचं आहे का, असं ती म्हणाली नाही. शिमगा आला. शिमग्याला कान्हा गावच्या पोरांना, माणसांना घेऊन गावभर हिंडला, पण ते गावातल्या गावात, ते वजनात धरत नाहीत. शिमगा झाल्यावर दुसरा निरोप आला. बायजाबाईची वाचा जात चालली होती.

गोजरानं त्या दुपारी कुणाला विचारलं नाही. पिशवी घेतली आणि बेलापूरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. उन्हात, डोक्यावर पदर. एस.टी. यायला अवकाश होता. तेवढ्यात गावाकडे कुणी सायकलवाला गेला, त्यानं बघितलं. गावाला टेलिफोन नव्हता, सायकलवाले होते.

एस.टी. समोरनं दिसत असतानाच फियाट येऊन तिच्यापुढे आडवी उभी राहिली. कान्हा उतरला. पुढे विलास, मागे दोघं.

'चार मानसांत नाक कापतेस माजं? मी काय मेलो?'

'आय मरतेय माजी.'

'मी नेनार हाय बोललो ना? बोललो का नाय? चल घरी.'

एस.टी. थांबली. कंडक्टरनं दोन वेळा विचारलं, 'बाई, येताय?' उतारू खिडकीतनं बघत होते. बाईच्या दंडाला नवऱ्यानं धरलेलं आहे म्हटल्यावर कंडक्टरनं घंटी मारली. नवराबायकोत कोण पडतो.

एस.टी. गेली. गोजरा गाडीकडे वळली. मागचं दार उघडायला हात लावला, तर कान्हा म्हणाला, 'मागं दोघं हायत. तिसरं नको आताच. हलू हलू ये पाठीमागनं.'

आणि गाडी तिच्या पुढे पुढे चालली. पळाली असती तर बरं झालं असतं. पण कान्हाला वाटलं, बायकोला एकटं सोडून कसं जायचं, तेवढी माया होती त्याला, म्हणून त्यानं गाडी बैलगाडीच्या चालीनं घेतली. पुढे पांढरी फियाट, मागे पिशवी घेतलेली गोजरा, बेलापूर ते करावे. वाटेत ओळखीचे भेटले. कुणी म्हणालं, 'काय वरात निघाली!' मागच्या काचेतनं दोघं तिच्याकडे बघत होते, मग त्यांनाच कसंसं वाटलं, तेव्हा ते पुढे बघायला लागले.

पाडव्यानंतर एका सकाळी गव्हाणहून माणूस आला. त्यानं चप्पल बाहेर काढली आणि उंबऱ्यात खाली बसला, तिथंच कळलं.

आता मात्र कान्हा हलला. सासू गेलेली, जावयानं कमी पडून कसं चालेल? 'गाडी काढतो. चला रे, मयताला मानसं पायजेत.' मागे पाच जण कोंबले. डिकीत लाकडं भरली, तिकडे अपुरी पडू नयेत म्हणून, झाकण उघडंच राहिलं, ते दोरीनं बांधलं. पुढे गोजरा. बसताना तिनं एकदा मागच्या चाकाकडे बघितलं. चाकाच्या वर चांगली चार बोटं मोकळी होती. पाच पुरुष आणि लाकडं, आणि पाटे हसत होते.

पनवेलच्या पुढे रस्ता खराब. गाडी खड्ड्यातनं उसळली, मागनं विलास म्हणाला, बापडा दुःख हलकं करायलाच म्हणाला असेल, 'शेठ, पाटं येक नंबर हायत. बाजीराव उगाच बोलला नव्हता, बोल्ट आवलताना. म्हनाला, आता हत्ती बसवा.'

'कंधी बोलला?' गोजरानं विचारलं. त्या दिवसातला तिचा तो पहिला शब्द.

'शिमग्याच्या आदी. आमी दोघं गेलो व्हतो ना...' आणि मग विलासच्या ध्यानात आलं. जन्मात पहिल्यांदा तो मधेच थांबला.

कान्हानं हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

गव्हाणला अंगणात माणसं उभी होती. भाऊ देवजी पुढे आला नाही. भावजय आली. गळ्यात पडून रडायची रीत, ती तिनं केली, आणि रडता रडता कानाशी म्हणाली, 'आल्या गारीवाल्या वन्सं. सासूबाई रस्त्याला कान लावून व्हत्या. टरक गेला तरी म्हनायच्या, बगा, गोजराची गारी आली. आमी सांगून सांगून थकलो, टरक हाय म्हनून. मागनं सांगायचंच सोरलं. म्हटलं, हं, येतेय, येतेय.'

गोजरानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना भावजयीची नजर तिच्या गळ्यावर गेली.

'पुतल्या कुठं गो?'

गोजरानं पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

'घरी ठेवून आल्या व्हय? आमी काय मागनार व्हतो?' हे जरा मोठ्यानं झालं. बसलेल्या बायकांनी माना वर केल्या. देवजीनं ऐकलं. कान्हा चार हातांवर उभा होता, मयताची लाकडं उतरवून हात झाडत होता, त्यानंही ऐकलं. एक शब्द पुरला असता. त्यानं दुसऱ्यांदा हात झाडले आणि लाकडं मोजायला गेला.

बाराव्यापर्यंत गोजरा माहेरी राहिली. तिच्याशी कुणी भांडलं नाही. वाढायला विसरायचे तेवढंच. तेराव्या दिवशी कान्हा गाडी घेऊन न्यायला आला, धुऊन पुसून चकचकीत. अंगणात सगळ्यांदेखत त्यानं मागचं दार स्वतः उघडलं आणि हात केला, नवरदेवाला करतात तसा.

'बस. ऐसपैस बस. एकली हायस.'

ती बसली. लाल गादी, दोन्ही बाजूंना खिडकी. माहेर मागच्या काचेतनं लहान होत गेलं. कान्हा बोलत होता, सासू चांगली होती, वय झालंच होतं, कुणाला चुकलंय. मग पनवेलच्या अलीकडे रस्ता फुटलेला आला. गाडी दाणकन आपटायला हवी होती, ती मऊपणे वर गेली आणि खाली आली. कान्हाला राहवलं नाही. आरशात बघून त्यानं विचारलं:

'कलला का खड्डा?'

'नाय,' गोजरा म्हणाली. 'मना काय कललंच नाय.'

कान्हा खूश झाला. पुढचा खड्डा त्यानं मुद्दाम घेतला.